न झेललेली ओळ

उरणच्या खाडीला भरती आली की पाणी अजूनही जुन्या मिठागरांच्या बांधापर्यंत येतं आणि तिथं मीठ नाही हे बघून परत जातं. मिठागरांच्या जागी आता पांढऱ्या, बिनखिडक्यांच्या लांबलचक इमारती आहेत. त्यांच्यात माणसं थोडी आणि यंत्रं फार. त्यातल्याच एका विमा कंपनीच्या इमारतीत वनिता मोकलनं आयुष्यभर नोकरी केली, आणि तिथल्याच एका यंत्रात तिच्या मेलेल्या आईचा आवाज ठेवलेला होता.

त्या यंत्राला सगळे ‘थोरला’ म्हणत. कपाटाएवढा काळा मेनफ्रेम. लाखो लोकांच्या पॉलिस्यांचा हिशेब एकटा वाहायचा. टेबलावरचे संगणक म्हणजे ‘धाकटे’. धाकटे येत, तापत, बदलले जात. थोरला कधी झोपला नाही, कधी आजारी पडला नाही. म्हणूनच वनितानं आईला त्याच्या हवाली केलं होतं.

वनिताचं काम गठड्या बांधायचं. थोरल्यावरच्या अगडबंब फायली दाबून लहान करायच्या, म्हणजे जागा कमी लागते आणि पाठवायला सोप्या जातात. नव्या पोरांना ती हे समजावून सांगायची तेव्हा तांत्रिक पुस्तक बाजूला ठेवायची.

“आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते,” ती सांगायची. “ती धवला गाते. एक ओळ ती म्हणते आणि मागच्या बायका तीच ओळ परत म्हणतात. त्याला झेलणं म्हणतात. आता मला तो धवला कागदावर उतरवायचा असेल, तर प्रत्येक ओळ दोनदा लिहीन का मी? एकदा लिहीन आणि पुढं खूण करीन, ‘परत तेच’. झाली गठडी. मशीन दुसरं काही करत नाही. जे परत परत येतं ते एकदाच ठेवतं, बाकी नुसत्या खुणा. पण जे एकदाच आलंय, पुन्हा आलंच नाही, त्याला खूण कशाची करणार? ते सगळंच्या सगळं ठेवावं लागतं.”

पोरं हसायची, पण विसरायची नाहीत.

वनिताची आई चांगुणाबाई ही धवलारीण होती. पंचक्रोशीतलं लग्न तिच्या आवाजाशिवाय लागत नसे. मांडवाची उंबराची मेढ रोवली की चांगुणाबाई डोईवर पदर घेऊन उभी राहायची:

*उंबराचे डायलीची मेढ गो रविली*
*दर्याचे पान्यानं मांडवी शिंपिली*

आणि मागच्या बायका ते झेलायच्या. तिची एकच इच्छा होती, वनितानं आपल्या मागं हे चालवावं. वनिताला ते नको होतं. “लोकांच्या दारात उभं राहून गायचं नाही मला,” असं तिनं एकदा सगळ्यांच्या देखत म्हटलं. नंतर ती कंपनीत लागली, आणि तिथल्याच विलासशी लग्न ठरवून आली. आई काही बोलली नाही. नुसतं बोलायचंच बंद केलं. जेवण वाढायची, पण हाक मारायची नाही.

तरी लेकीच्या हळदीला तीच गायली. ओल्या हळदीत बसलेली वनिता मात्र रुसून मैत्रिणीच्या कानाशी लागली होती, “अजून किती वेळ चालणार आहे गं हे?” तेवढ्यात आईचा आवाज कुठंतरी फाटला, मांडव गप्प झाला, आणि वनितानं मान वळवली तोवर धवला पुढं गेला होता. आईनं रिवाजाची ओळ सोडून भलतंच काही म्हटलं, एवढं मागाहून कळलं. काय म्हटलं, ते विचारायचं राहिलं. पहिल्या गौरीला माहेरी यायचं होतं, त्याआधीच वनिताला आईच्या दहाव्याला यावं लागलं.

हळदीतलं ते सगळं चुलतभावानं मोबाइलवर टिपलं होतं. वनितानं ते घेतलं, सुरुवातीचं ऐकलं, पण त्या जागेजवळ आली की तिचा हात आपोआप बंद करायच्या खुणेवर जायचा. शाप असेल तर? जोवर ऐकलं नाही तोवर आशीर्वादही असू शकतो. ‘आर्वीच्या लग्नात ऐकेन,’ तिनं स्वतःला सांगितलं. आर्वी तेव्हा पाळण्यात होती.

पुढं कंपनीत आवाजाच्या फायली दाबायची नवी सोय आली. चाचणीला एखादा लांब आवाज हवा होता. वनितानं आईचा धवला दिला. तो इतका सुरेख दबला की तीच चाचणीची कायमची फाईल होऊन बसली. सगळ्या खात्याला तिचं नाव पाठ होतं, ऐकली मात्र कुणीच नव्हती. गठड्या बांधणारे गठडीचं वजन बघतात, आत काय आहे ते नाही. मोबाइलवरचं मूळ रेकॉर्डिंग मोबाइलबरोबर खाडीत गेलं, तेव्हाही वनिता घाबरली नाही. थोरल्याच्या पोटात आई सुखरूप होती.

मग थोरल्याचे दिवस भरले. कंपनीनं सगळा कारभार दुसरीकडं हलवला. बंद करायच्या दिवशी त्याला हार घातला, नारळ फोडला, समोसे आले, साहेबांनी भाषण केलं. वनिताला दोन शब्द बोलायला सांगितलं तर तिचा हुंदकाच फुटला. त्या गडबडीत, डोळे पुसत पुसत, तिनं आईची गठडी थोरल्यावरून आपल्या धाकट्यावर उतरवून घेतली. एक कळ दाबली, हिरवा दिवा लागला, संपलं. संध्याकाळी थोरल्याचे दिवे गेले. ग्राहकांच्या गुप्ततेचा कायदा कडक, म्हणून त्याच्या सगळ्या टेपा त्याच आठवड्यात चिरडून टाकल्या.

आर्वीचं लग्न ठरलं तेव्हा वनितानं ती गठडी घरच्या संगणकावर सोडायला घेतली. थोरल्याच्या गठड्या घरी सोडता येतील अशी छोटी आज्ञावली तिच्याकडं होतीच. मुंडावळ्या आणायला निघालेली आर्वी दारातच थांबली. “लाव ना, आजीला ऐकूनच जाते.”

संगणकानं सांगितलं, गठडी ओळखता येत नाही.

वनितानं आत डोकावून पाहिलं. पहिल्या काही ओळींतच तिला कळलं, आणि ती खुर्चीत मागं टेकली.

“काय झालं?”

“मी हिला मजकूर म्हणून उतरवलं,” ती म्हणाली. “उभी हयात पोरांना ओरडत आले, गठडी जशीच्या तशी उतरवा, मजकूर म्हणून उतरवू नका. आणि मीच...”

आर्वी फिजिओथेरपिस्ट. तिला सांध्यांचं कळत होतं, यंत्रांचं नाही. “मग? परत उलटं कर.”

“होत नाही गं. थोरल्याची अक्षरं वेगळी, धाकट्याची वेगळी. मजकूर म्हणून पाठवलं की वाटेत भाषांतर होतं. चिठ्ठी असेल तर ते बरंच. पण गठडीत अक्षरं नसतातच, नुसत्या खुणा असतात. ज्या खुणेला इकडं जोडच नाही, तिच्या जागी हा सरसकट एकच ठिपका टाकतो. दहा वेगवेगळ्या खुणा, सगळ्यांचा तोच ठिपका. दहा ओढे खाडीत मिळाल्यावर ओंजळीतलं पाणी कुठल्या ओढ्याचं, सांगशील?”

आर्वीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी मुंडावळ्या आल्या नाहीत.

खाडीच्या पल्याडच्या आळीत हौशीआत्या राहायची. चांगुणाबाईच्या मागं उभी राहून आयुष्यभर तिनंच धवले झेललेले. आता डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ शाबूत.

“ये गो बाय. आज कशी वाट चुकलीस? लेकीचं लगीन काढलंस, नि आमाला मेसेजवर बोलावतेस?”

“आत्या, चुकले. पत्रिका घेऊनच आलेय.” वनिता तिच्या पायाशी बसली. “माझ्या हळदीला आईनं शेवटचा धवला म्हटला, आठवतो?”

“आठवाला काय झाला? मीच तं झेलाला व्हते.” म्हातारी तशीच बसल्या जागी गायला लागली:

*उंबरा वलांडिता लेकी मांगं नको बगू गो*
*तुजे पायाचे ठसे आंगनी मी राखू गो*

“अशी वल हाय. पयली तिनं बरोबर बोल्ली, आमी झेलली. दुसरीला भलताच काय बोल्ली. मना झेलताच नाय आला. सगल्या बाया माज्या तोंडाकं बगतान, नि मी गप.”

“काय बोलली ती?”

“ता आठवत असता तं तवाच झेलला नसता, शानी?”

वनिता हसली नाही. “चांगलं बोलली की वाईट, एवढं तरी?”

हौशीआत्यानं खाडीकडं तोंड वळवलं. दिसत तर काही नव्हतं तिला. “आवाज फाटलेला तिचा,” ती म्हणाली. “फाटल्या आवाजात चांगला नि वाईट सारखाच लागतं गो.”

त्या वर्षी बाजारात ‘सांधणी’ नावाचं एक साधन आलं होतं. बिघडलेल्या गठड्या जोडून देणारं. लोकांचे जुने फोटो, मेलेल्यांचे निरोप त्यानं परत आणले होते. त्याची रीत वनिताला लगेच पटली. प्रत्येक ठिपक्याच्या जागी मूळ कुठली खूण असेल, त्या सगळ्या शक्यता ते लावून बघतं. चुकीची खूण लावली की गठडीतून नुसता खरखराट निघतो; बरोबर लावली की माणसाचा आवाज. लाखो वेळा खरखराट टाकून द्यायचा, आवाज ठेवायचा. शिवाय गठडीच्या शेपटीला एक छोटा पडताळ्याचा आकडा असतो. जोडलेलं सगळं त्याच्याशी जुळलं तर काम फत्ते.

रात्रभर यंत्र चाललं. सकाळी चहा टाकता टाकता वनिताच्या कानावर आलं:

*उंबराचे डायलीची मेढ गो रविली...*

तिच्या हातातली साखर सांडली. आईच होती. तोच किंचित नाकातला आवाज, ओळ उचलताना घेतलेला तोच घाईचा श्वास. आर्वी अंथरुणातून धावत आली आणि दोघी ओट्याशी उभ्या राहून ऐकत राहिल्या. जे झेललं गेलं होतं ते सगळं परत आलं होतं. दोनदा म्हटलेल्या ओळीची एक बाजू बिघडली तरी दुसरी तिची साक्ष देत होती.

*उंबरा वलांडिता लेकी मांगं नको बगू गो...*

वनिताचा हात आपोआप पुढं गेला. या वेळी तिनं तो मागं घेतला.

*तुजे पायाचे ठसे आंगनी मी राखू गो...*

आर्वीनं डोळे पुसले. “किती सुंदर.”

“ही तिची नाही,” वनिता म्हणाली.

“म्हणजे?”

“ही रिवाजाची ओळ आहे. तिनं ही म्हटलीच नाही. यानं इथंतिथं शंभर धवले ऐकलेत, त्यातली सगळ्यात संभवणारी ओळ इथं ठेवून दिली.”

त्या जागेखाली पडद्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘अन्य शक्यता उपलब्ध.’ वनितानं ते उघडलं. आणि तिथून तिचं सगळं बिघडत गेलं.

ती ओळ एकदाच म्हटलेली, कुणी न झेललेली. तिची साक्ष देणारं दुसरं काही गठडीत नव्हतं. त्यामुळं तिथं खरखराट न होता माणसाचा आवाज निघेल अशा जुळण्या इतक्या होत्या की यंत्रानं मोजायचं सोडून दिलं होतं. पडताळ्याचा आकडा लहान. त्याच्याशीही त्यातल्या हजारो जुळत होत्या. वनिता एकेक लावू लागली. *तुजे वाटेवं गो मी डोला लावू.* आईचा आवाज. *तुजे वाटेवं गो मी काटा पेरू.* आईचाच. एकीत ती लेकीला परत ये म्हणाली, एकीत येऊ नको. एकीत नुसती खोकली. पडताळा सगळ्यांना बरोबर म्हणत होता.

चौकोनात आपले शब्द लिहिले तरी चालत होतं. वनितानं एक दिवस भीत भीत लिहिलं, *लेकी तुज्यावं गो माजा राग नाय.* यंत्रानं जुळण्या धुंडाळल्या आणि अशी जुळणी सापडली. पडताळा जुळला. आई गायली.

वनिता टेबलावर डोकं ठेवून रडली. मग डोळे पुसून तिनं त्याच चौकोनात उलटं लिहून पाहिलं. तेही जुळलं.

तरी ती उठली नाही. रोज दुपारी दार लोटून बसायची. साड्यांची गठोडी तशीच पडली, कासाराला सांगावा गेला नाही, मांडववाला दोनदा येऊन परत गेला. विलास दारावर टकटक करून जेवणाचं ताट ठेवून जायचा. आर्वीनं हळदीच्या दोन दिवस आधी दार उघडलं. आत आजी गात होती, *लेकी, तुज्या मांगं गो मी...* आणि पुढं काहीतरी.

“आई, ती बाई काय म्हणाली ते कळून काय होणार आहे?”

“बाई म्हणू नकोस. आजी आहे ती तुझी.”

“ही आजी आहे? हिला तू काल जे सांगितलंस ते म्हणाली, आज दुसरं सांगितलंस तर दुसरं म्हणेल. आजी अशी होती? तूच सांगतेस, तिनं कुणाचं ऐकलं नाही म्हणून!” आर्वीचा आवाज चढला. “परवा माझी हळद आहे. तू माझ्याकडं बघितलंयस का गेल्या पंधरवड्यात? तिचं म्हणणं तू तेव्हा ऐकलं नाहीस, त्याची भरपाई माझ्या लग्नात कशाला?”

“तुला नाही कळायचं!” वनिता ओरडली. “तू तुझं सामान बांध आणि जा एकदाची.”

शब्द तोंडातून सुटले होते. आर्वी निघून गेली. तिच्या खोलीचं दार लागलं, कडीही लागली.

वनिता पडद्याकडं वळली. मग तिनं ‘अन्य शक्यता’ पुसल्या. आपल्या हातानं लिहिलेल्या ओळीही पुसल्या, राग नाय म्हणणारीसुद्धा. ती पुसताना बोट थोडं थांबलं, एवढंच. यंत्रानं विचारलं, त्या जागी काय ठेवू? तिनं लिहिलं: काही नाही. आई जितका वेळ गायली असेल तितका वेळ शांतता.

हळदीच्या दिवशी अंगणात उंबराची मेढ रोवली. गावात धवलारीण उरली नव्हती, म्हणून मेढीशेजारी स्टुलावर संगणक ठेवला. मागं हौशीआत्याला खुर्चीत बसवलं, तिच्याभोवती बायका. पहिल्या ओळीला सगळ्यांचे मोबाइल वर झाले.

“मावश्यांनो, मोबाइल ठेवा, झेला!” आर्वी पाटावरून ओरडली. “फाईल आहेच. सगळ्यांना पाठवते मी.”

मोबाइल खाली गेले. चांगुणाबाई गात होती, हौशीआत्या झेलत होती, तिच्या पाठोपाठ बायका चुकतमाकत. आर्वी पिवळीधमक बसली होती. त्या भांडणापासून ती आईशी कामापुरतंच बोलत होती. वनिता वाकून तिच्या पायांना हळद लावत होती.

*उंबरा वलांडिता लेकी मांगं नको बगू गो...*

बायकांनी झेललं. आणि आवाज थांबला.

वनिताला वाटलं होतं, थोडीच शांतता आहे, जाईल निघून. पण मांडवात ती फार मोठी झाली. बायका झेलायला तोंड उघडून थांबलेल्या. आर्वीनं खाली वाकलेल्या आईकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता, आणि वनिताच्या हातात तिचं पिवळं पाऊल होतं.

वनितानं तोंड उघडलं. जे आलं ते सुरात नव्हतं. अर्धवट गाणं, अर्धवट बोलणं, मधेच गळा चिरकला. जन्मात पहिल्यांदाच ती लोकांत गायली. हौशीआत्याचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मग स्टुलावरून चांगुणाबाईनं वेळेवर पुढची ओळ उचलली, बायकांना हायसं वाटलं आणि धवला पुढं गेला.

सगळं आटपल्यावर बायका हौशीआत्याच्या खुर्चीभोवती अंगणाच्या कडेला बसल्या आणि मेढीपाशी दोघीच राहिल्या. आर्वी पाटावरच बसून होती.

“आई, मधे तू काय म्हणालीस गं?”

“तू ऐकलं नाहीस?”

“माझं लक्ष... मी तुझ्या तोंडाकडंच बघत होते. शब्द निसटले. परत म्हण ना.”

वनितानं आठवून पाहिलं. जिभेवर अजून काहीतरी होतं, पण त्याचे शब्द होत नव्हते. ती गोंधळली. “आठवत नाही गं मला.”

आर्वी उठली, बायकांमध्ये फिरून आली. कुणी टिपलं का? कुणीच नाही. “आमाला वाटला फायलीनच हाय ता,” असं एकजण म्हणाली. खुर्चीतून हौशीआत्यानं मान हलवली, “मना इचारू नको पोरी. मना आजबी झेलता नाय आला.”

आर्वी आईसमोर येऊन बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “रागावून म्हणालीस का काही?”

“तुला काय वाटलं?”

“काय माहीत,” आर्वी म्हणाली. “तुझा आवाज फाटला होता.”

वनितानं आपले हळदीचे हात पुढं केले आणि लेकीचे हळदीचे हात त्यांत घट्ट धरून ठेवले. स्टुलावरच्या संगणकात धवला पुन्हा पहिल्यापासून लागला होता. बंद करायचं दोघींच्याही ध्यानात आलं नाही.